मोटारीतल्या नवरीचं रडणं

"आज दुसरं काहीही लावा, ओगा. कासवाचं लावा, दोन सवतींचं लावा. पण 'मोटारीतली नवरी' या गावात नको."

अवेरो, आमची नाटकातली नवरी, गुडघे टेकून बोलत होती, म्हणजे रीतभातीत काही कमी नव्हतं. आवाज मात्र गुडघे टेकलेला नव्हता. ओगा, म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे मालक लाडोकुन, शाळेच्या व्हरांड्यात चवळीची भजी खात बसले होते. तोंडातलं भजं त्यांनी सावकाश संपवलं.

"गाडीवर काय रंगवलंय?"

"मोटारीतली नवरी."

"लोकांनी तिकिटं कशाची घेतली?"

"त्याचीच."

"मग आता गाडी खरवडत बसू?"

अवेरो उठली आणि निघून गेली. ओगांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच तिला शिकवून पाठवलं होतं. मी तिथेच गाडीची काच पुसत होतो. मी राउफू, या कंपनीचा ड्रायव्हर. गाडी चालवायची, गावात शिरताना कर्ण्यावर ओरडायचं आणि प्रयोगात एका ठिकाणी हॉर्न वाजवायचा, ही माझी कामं. तिसरं काम सगळ्यात मोठं, असं माझं मत आहे. बाकीच्यांचं नाही.

नाटक सरळ होतं. एक मुलगी चार बुकं शिकते, शहरात जाते आणि लग्नाच्या दिवशी पांढरा झगा नि काळा चष्मा घालून बापापुढे उभी राहते. आता आमच्या योरुबा मुलखात नवरी घर सोडताना रडते. नुसती टिपं गाळत नाही, गाऊन रडते. आईचे उपकार, बापाच्या घराण्याची बिरुदं, मैत्रिणींचा निरोप, सगळं सुरात म्हणते, आणि मग आईबाप तिच्या डोक्यावर हात ठेवतात. त्याशिवाय उंबरा ओलांडला तर मुलगी उघड्या पाठीने गेली, असं म्हातारे म्हणतात. तर नाटकातला बाप म्हणतो, "पोरी, रड, म्हणजे आशीर्वाद देतो." आणि नवरी म्हणते, "रडायला वेळ नाही, बाबा, मोटार उभी आहे." त्याच क्षणाला खिडकीबाहेरून माझा हॉर्न. लोक हसून हसून बाकांवरून खाली यायचे. ते वाक्य गावोगावी पोरासोरांना पाठ होतं, अवेरोबरोबर सगळं सभागृह एका आवाजात म्हणायचं. पुढे मोटार बंद पडते, नवरा पळून जातो, नवरीची फजिती होते आणि मंडळी समाधानाने घरी जातात.

लिहिलेलं नाटक वगैरे भानगड आमच्याकडे नव्हती. ओगा गोष्ट सांगायचे, शब्द ज्याचे त्याने आणायचे. अवेरोने ते मोटारीचं वाक्य स्वतःच आणलेलं होतं आणि त्याच वाक्यावर कंपनीची चूल पेटत होती. शिलिंगचं चलन जाऊन नायरा आला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. तोवर तिची चाळिशी जवळ आली होती, तरी नवरी तीच. दुसरी कुणी उभी केली की लोक ओरडायचे, "आमची नवरी आणा."

तर तिचा जीव का वरखाली होत होता? ओके-इरोको हे गाव तिचं माहेर. तिचे वडील टीचर ओडेलेये तिथल्या मिशनच्या शाळेचे हेडमास्तर. घराणं मूळचं शिकाऱ्यांचं, पण टीचरांनी बंदुका, ताईत, बिरुदं, सगळ्याला एका दिवसात घराबाहेर काढलं. जुनं गाणं कानावर आलं की ते खिडकी लावून घ्यायचे. मुलीचं लग्न चर्चमध्ये, बाजाच्या पेटीवर, पांढऱ्या झग्यात करायचं हे त्यांचं स्वप्न. आणि मुलगी एके सकाळी आमच्या ढोलवाल्याबरोबर, अयानसोलाबरोबर, कंपनीच्या गाडीत चढली. झगा नाही, रडणं नाही, आशीर्वाद नाही. नाटकवाल्यांना तेव्हा बऱ्या घरांतून भिकारीच म्हणत. "माझी मुलगी भिकाऱ्यांत गेली," एवढं बोलून टीचरांनी तिचं नाव टाकलं ते टाकलं. आई गेली तेव्हाही अवेरो कबरीपासून लांब, बायकांच्या मागे उभी राहून परतली. टीचरांनी मान वळवली नाही.

आणि आता गावच्या तरुण मंडळाने शाळेच्या छपरासाठी आमचा प्रयोग ठेवला होता. प्रयोगाला अध्यक्ष हवाच. अध्यक्ष कोण, तर टीचर ओडेलेये. पहिली रांग, मधली खुर्ची.

अवेरो गाडीच्या पायरीवर येऊन बसली. मी तिला तिच्या मुलीच्या नावाने हाक मारायचो.

"तोलाची आई, एवढं काय? नाटक आहे."

"राउफू, मी त्यांना एकदा न विचारता गेले. आज परत त्यांच्या तोंडावर तेच करू? आणि या खेपेला गाव हसवून?"

"त्यांना कळेल ना, खोटं आहे ते."

"कुठलं खोटं आहे त्यातलं? चष्मा?"

मी पुसलेली काच पुन्हा पुसली.

"मला त्यांचा हात हवाय डोक्यावर," ती म्हणाली. "एवढंच. बोलायचं नसेल तर नका बोलू म्हणावं. आज हसले लोक की तो हात कायमचा गेला."

अयानसोला पलीकडे ढोलाच्या वाद्या ओल्या करत होता. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा, बाकीचं काखेतल्या ढोलावर सोपवायचा. आमचा ढोल बोलतो, नावं घेतो, कुळं सांगतो. त्याने वर न पाहता म्हटलं, "तू तुझ्या जिवाला येईल ते कर. मी मागे आहे." चांगला नवरा आहे. माझ्या बायकोलाही तो चांगला वाटतो आणि तसं ती मला सांगते.

इलेयाचा, म्हणजे आमच्या बकरी ईदचा दुसरा दिवस होता. त्यामुळे मुसलमान असो की ख्रिस्ती, गावात प्रत्येकाच्या पोटात मटण आणि अंगावर नवं कापड. दुपारच्या खेळाला सभागृह असं भरलं की खिडक्यांतही माणसं बसली. बायकांची डोक्याची फडकी एवढी उंच बांधलेली की मागची मंडळी भांडायला उठली. "अगं ए, डोक्यावरचं देऊळ उतरव." "तू पैसे उभं राहायचे दिलेस की बसायचे?" शेंगदाणेवाल्या, संत्रीवाल्या, सगळ्या आत घुसलेल्या. मी गाडी खिडकीला लावून ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसलो. तिथून रंगमंच आणि पहिली रांग दोन्ही दिसायचं. मला या क्षणाचा कधी कंटाळा आला नाही. पडदा सुटायच्या आधी छातीत जे धडधडतं ना, ते पगारात मोजता येत नाही.

टीचर आले. काळा कोट, हॅट, हातात छत्री, बाहेर कोरडं ऊन. तरुण पोरं पुढे होऊन लोटांगण घालत होती आणि ते छत्रीच्या टोकाने 'उठा' म्हणत होते. बसले ते सरळ, जसे परीक्षेला देखरेख करायला आलेले. हॅट मांडीवर ठेवली. मंडळाच्या चिटणीसाने भाषण केलं, टीचरांनी त्यापेक्षा छोटं केलं, आणि ढोल वाजला.

पहिला प्रवेश धो धो चालला. नवरीच्या बापाचं काम लामिदी करायचा. काजळीने काढलेली दाढी, पोटावर बांधलेली उशी. हा बाहेर आला की न बोलताच हशा. आत अवेरो झगा घालत होती. तिने बटणं तीनदा चुकीची लावली असं मला कुणीतरी येऊन सांगितलं. मीही हॉर्नची तार चारदा तपासली होती, पण मला विचारायला कोण येतंय?

मग ती आली. पांढरा झगा, पांढरी ओढणी, काळा चष्मा, उंच टाचा. गावाने तिला ओळखलं. एक क्षण कुजबुज झाली, वाऱ्याने पानं हलावीत तशी, आणि सगळ्या माना टीचरांकडे वळल्या. टीचर पुढेच बघत होते. मला त्यांची फक्त हॅट धरलेली बोटं दिसत होती.

अवेरोने काम सुरू केलं. चालली, ठुमकली, नाटकातल्या आईने पुढे केलेलं पाणी "उकळलंय का?" म्हणून परत पाठवलं. लोक हसले, पण चाचरत हसले. आता ते वाक्य जवळ येत होतं. मी हॉर्नवर हात ठेवला.

लामिदी खुर्चीत बसला, दाढी खाजवली आणि म्हणाला, "पोरी, बापाच्या दारातून निघालीस. रड, म्हणजे आशीर्वाद देतो."

सगळं सभागृह श्वास धरून थांबलं. पोरं तोंड उघडून तयार. अवेरो काही बोलेना. एक पळ, दोन पळं. आणि माझा हात, इतक्या वर्षांचा शिकलेला गाढव, त्या थांबण्यावर आपसूक दाबला गेला. हॉर्न असा वाजला की खिडकीतला माणूस आत पडला. हशा उसळला. वाटलं, संपलं, मीच तिची माती केली.

अवेरोने चष्मा काढला. हात वर करून माझ्या खिडकीकडे तळवा दाखवला आणि तिच्या गळ्यातून जो सूर निघाला, तो मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"गाडीवाल्या, हात आवर.
इतकी वर्षं थांबलास, अजून जरा थांब.
न रडता गेलेली मुलगी दारात आलीय,
तिला रडून जाऊ दे."

हशा जागच्या जागी विरला. मागच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "ए बाई, हे खरं आहे." अवेरोने ओढणी काढून कमरेला बांधली, टाचा काढून बाजूला सारल्या आणि गुडघे टेकले. लामिदीसमोर नाही. लामिदीला पाठ करून, रंगमंचाच्या कडेला, मधल्या खुर्चीसमोर.

पडद्याआडून ओगांचा आवाज माझ्यापर्यंत आला. "काय करतेय ही? मोटारीचं वाक्य कुठे गेलं? माझं नाटक बुडवते का काय." कुणीतरी त्यांचं तोंड दाबलं असावं. माझा तरी तसा समज आहे आणि ज्याने दाबलं त्याला मी जेवू घालायला तयार आहे.

अवेरो आईला रडली.

"विचारायचं होतं, आई, सासरच्या कुठल्या विहिरीचं पाणी गोड.
तू मातीखाली, मी रस्त्यावर,
मी प्रत्येक गावची विहीर चाखून पाहिली, आई,
तुझ्या रांजणाची सर नाही."

बायकांनी फडक्याची टोकं डोळ्यांना लावली. मग तिने बापाचं घराणं हाती घेतलं. आणि अयानसोला ढोल काखेत घेऊन पुढे आला, तिच्या मागे उभा राहिला. ती ओळ म्हणायची, ढोल तीच ओळ बोलायचा. माझ्या अंगावर काटा आला तो आजही लिहिताना येतो.

"शिकाऱ्यांच्या नातवा, ओडेलेये,
ज्यांच्या आजोबांना रान वाट विचारायचं,
जे स्वतः मातीवर निजले आणि पाहुण्याला बिबट्याचं कातडं दिलं,
ज्यांच्या अंगणात हत्ती आला,
हत्तीने गुडघे टेकले."

आमच्याकडे कुणी कुळाची बिरुदं म्हटली की माणसाचं डोकं मोठं होतं म्हणतात. बसून राहवत नाही. आणि इथे म्हणणारी पोटची मुलगी. टीचरांनी ती बिरुदं घरातून हाकलली त्याला जन्म लोटला होता. त्यांच्या नावाने त्या गावात कुणी ढोलाला हात लावला नव्हता. सभागृहातल्या म्हाताऱ्या आता उघडउघड साथ करत होत्या. "उठा, टीचर." "लेकीने हाक मारलीय." "एवढं ऐकून झाडसुद्धा हललं असतं." चिटणीस बिचारा घामाघूम. अध्यक्षांना असं बोलायचं असतं का?

अवेरो थांबली. त्याच ओळीवर. तिला पुढचं येत नव्हतं हे मला दिसलं. अयानसोलाही थांबला. त्या शांततेत मी हॉर्नपासून दोन्ही हात लांब धरून बसलो होतो.

टीचर उठले.

ते बाहेरच्या दाराकडे जातील असं मला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं, कारण वाट तिकडेच मोकळी होती. पण ते छत्री टेकत बाजूच्या पायऱ्यांकडे गेले आणि रंगमंचावर चढले. लामिदी खुर्चीतून उडालाच. पोटावरच्या उशीसकट त्याने त्यांच्यापुढे लोटांगण घातलं, आणि उशीमुळे त्याला नीट पालथं पडता येईना. एरवी यावर गाव कोसळलं असतं. कुणी हसलं नाही.

टीचर मुलीसमोर उभे राहिले.

"कुणी शिकवलं हे?"

"आईने."

"माझ्या घरात?"

"मागच्या अंगणात, बाबा. तुम्ही शाळेत असायचा तेव्हा."

बायकांच्या बाजूने एक दबलेलं हसू आलं. टीचरांनी तिकडे पाहिलं आणि ते हसू गप्प झालं. मग त्यांनी घसा साफ केला. शुद्धलेखन घालतात त्या कोरड्या आवाजात ते म्हणाले, "अर्धवट शिकवलं. हत्तीने गुडघे टेकले, यानंतर एक ओळ आहे."

अवेरोने मान वर केली.

"हत्तीने गुडघे टेकले," टीचर म्हणाले, "आणि शिकाऱ्याने बाण भात्यात परत ठेवला."

त्यांनी छत्री खाली ठेवली. हॅट छत्रीवर ठेवली. आणि दोन्ही हात मुलीच्या डोक्यावर ठेवले. काय आशीर्वाद दिला तो मला ऐकू आला नाही, कारण प्रत्येक वाक्याला सभागृह "तसंच होवो" म्हणत होतं. कुणी आमीन, कुणी जुना शब्द आशे, ज्याच्या तोंडी जो असेल तो. खिडकीतून आत पडलेला माणूस तर रडत रडत म्हणत होता. मीही म्हणत होतो. मी गाडीच्या टपावर उभा राहून म्हणत होतो हे मला नंतर कळलं.

अवेरो त्यांच्या पायांना मिठी मारून बसली होती. टीचर म्हणाले, "उठ आता. आशीर्वाद घेतलेली नवरी बापाच्या घरात थांबत नाही. जा. मागे वळून बघायचं नाही."

"बाबा, मला बोलायचं होतं..."

"रीत तू काढलीस. आता ती पुरी कर."

ती उठली. तिने मागे पाहिलं नाही. पायऱ्या उतरली, अनवाणी, ओढणी कमरेला, आणि अयानसोलाचा ढोल तिच्या मागे. मग काय सांगू, अख्खं सभागृह तिच्यामागे सुटलं. बाकं उलटली, संत्री गडगडली, नवरीच्या कपाळाला ओवाळणीच्या नोटा चिकटवायला बायका एकमेकींना ढकलत होत्या, म्हातारेकोतारे कमरेवर हात ठेवून नाचत होते. कुणीतरी ओरडलं, "वेशीपर्यंत पोचवू नवरीला," आणि ते वादळ दारातून बाहेर पडून रस्त्याला लागलं. ओगा त्यात उड्या मारत होते. जाता जाता मला टपावरून खाली ओढून म्हणाले, "राउफू, पाहिलंस? उद्या इवो गावच्या खेळाला असंच करायचं. रोज असंच. तू हॉर्न तिथेच वाजव." ते पुढे अवेरोला तेच सांगायला गेले आणि तिने त्यांना काय उत्तर दिलं ते मला अयानसोलाने सांगितलं. "हे एकदाच म्हणायचं असतं, ओगा. पाहिजे तर नवी नवरी बघा." इवोला आम्ही कासवाचं नाटक लावलं आणि 'मोटारीतली नवरी' गाडीवरून खरंच खरवडलं. मीच खरवडलं.

पण ते नंतरचं. गाडी वेशीवर न्यायची तर आधी सामान भरायला हवं होतं, म्हणून मी बाजूच्या दाराने आत गेलो. सभागृह रिकामं. जमिनीवर शेंगदाण्यांची टरफलं. रंगमंचावर लामिदीच्या खुर्चीत टीचर बसले होते, उघड्या दाराकडे तोंड करून. लामिदी खाली जमिनीवर बसला होता, उशी मांडीवर घेऊन. बाहेरून ढोल ऐकू येत होता, आता बाजारापाशी पोचला असावा.

"चला ना, बाबा," लामिदी म्हणाला. "सगळं गाव नाचतंय. मी हात धरतो."

"बापाने वेशीपर्यंत जायचं नसतं," टीचर म्हणाले. "तेवढं मला ठाऊक आहे."

मी पडद्याची दोरी सोडवायला हात घातला आणि तसाच थांबलो.

"तुम्ही रोज हे काम करता?" टीचरांनी विचारलं. "बापाचं?"

"रोज, बाबा. पावसाळा सोडून."

"आणि रोज ती जाते."

"जाते."

"मग तुम्हाला माहीत असेल," टीचर म्हणाले. "ती गेल्यावर बाप काय करतो?"

लामिदीने गालावरची काजळी हाताने पुसली, ती आणखी पसरली.

"आमच्या नाटकात तिथे पडदा पडतो, बाबा," तो म्हणाला. "मी आत जातो, दाढी धुतो. कुणीतरी ताट झाकून ठेवलेलं असतं, ते जेवतो."

टीचरांनी मान हलवली, एखादं अवघड उत्तर बरोबर आल्यावर हलवतात तशी. आणि दाराकडे बघत, ढोल ऐकू येईनासा झाला तरी, तिथेच बसून राहिले.